कॅमेरा दुसरं कोणीतरी वापरत आहे

यंत्रांच्या बाबतीत मला कोणी शिकवायला येऊ नये! सगळी नोकरी मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली. कानावर हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात वायरी. इथली काढायची, तिथे खुपसायची, की इकडचा माणूस तिकडच्याशी बोलायला लागला! अख्ख्या शहराची भांडणं, सोयरिकी, आजारपणं आणि उसासे माझ्या बोटांमधून गेलेत. तेव्हा मुलगा जेव्हा म्हणाला, "आई, तुझ्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज काढून लिनक्स टाकून देतो, जमेल ना तुला?" तेव्हा मी नुसती हसले. म्हटलं, "टाक बाळा. तू रांगत होतास तेव्हा मी सगळं शहर जोडत होते!"

लॅपटॉप त्याचाच, त्याने टाकून दिलेला. चालू केला की पंखा असा घरघरायचा, जसं काही त्याच्यावर विमान उतरणार आहे. लिनक्स टाकल्यावर मात्र तो एकदम तरतरीत झाला. सुट्टी संपवून, त्याच्या देशात परत जाण्याआधी मुलाने मला दोनच गोष्टी बजावल्या.

"आई, ही हुकूम टाइप करायची काळी खिडकी दिसते ना, तिच्यात जायचं नाही."

"नाही जाणार."

"आणि काहीही हवं असलं तर इंटरनेटवर शोधत हिंडायचं नाही. हे पिशवीचं चित्र आहे ना, हे दुकान. सगळी ॲप्स इथे मिळतात. फुकट. पसंत केलं, बटण दाबलं, आलं. नको झालं, बटण दाबलं, गेलं."

तो गेला. फोन करतो, नाही असं नाही. पण गाडी चालवताना करतो. सिग्नल सुटला की आमचं बोलणंही सुटतं.

आता मला सांगा, घरात एकट्या बाईला कोणी फुकटचं दुकान उघडून दिलं तर ती काय करेल? मी रोज सकाळी दुकानात जाऊ लागले! आणि खरं सांगते, दुकान चांगलं आहे. कोणी अंगावर येत नाही, जाहिराती फडफडत नाहीत, 'अभिनंदन, तुम्ही जिंकलात' असं खोटं कोणी ओरडत नाही. मी आकाशातले तारे दाखवणारं ॲप घेतलं. पियानो घेतला. बुद्धिबळ घेतलं, पण समोर बसायला कोणी नाही म्हणून कॉम्प्युटरशीच खेळायचं, आणि तो मेला एकदाही हरत नाही. रेडिओचं ॲप तर इतकं छान, की मुलाने वाढदिवसाला पाठवलेला ब्लूटूथ स्पीकर मी झोपायच्या खोलीत उशाशी ठेवला आणि दिवसभर कुठल्या कुठल्या देशांचा रेडिओ लावून ठेवायला लागले. भाषा कळत नाही, पण घरात माणसाचा आवाज असतो.

सगळ्यात मजा तिथल्या अभिप्रायांची. प्रत्येक ॲपखाली लोक लिहून जातात. एक लिहितो, 'उघडतच नाही. एक तारा.' त्याच्याखाली दुसरा, 'माझ्याकडे उघडतं. पाच तारे.' तिसरा त्या दोघांना झापतो. मी जेवताना वाचायची. अभिप्राय जुन्या काळचे, ॲप तेव्हापासून पार बदललेलं, पण दुकान ते पुसत नाही. एक जण कधीचा विचारतोय, 'कोणी मदत करेल का?' खाली कोणाचंच उत्तर नाही. त्याच्यासाठी जीव तुटायचा हो माझा! त्याचं ॲप पुढे उघडलं असेल का?

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना माझ्या डोक्यात एक किडा वळवळला. आमच्या एक्स्चेंजच्या मैत्रिणींची भेट घडवायची. प्रत्यक्ष नाही, व्हिडिओवर. आमच्यातल्या आता चौघीच उरलोत. एक मोठ्या बाई, म्हणजे आमच्या सुपरवायझर. एकीला आम्ही ट्रंककॉल म्हणायचो, तिचा आवाज असा, की ती बोलायला लागली की वायरीची गरजच नसायची. आणि तिसरी डावी. बोर्डावर ती माझ्या डाव्या हाताला बसायची म्हणून ती डावी आणि मी उजवी. आमची नावं आम्हीसुद्धा विसरलो होतो. डावी मुलीकडे दुसऱ्या गावी राहायला गेली. आधी आठवड्याला फोन व्हायचा, मग महिन्याला, मग नुसतीच सकाळी सकाळी फुलांची चित्रं यायला लागली. फुलाला काय उत्तर देणार? मी उलट दुसरं फूल पाठवायची.

मी तिघींना कळवलं, "रविवारी दुपारी चहाच्या वेळी भेटायचं! मी लिंक पाठवते. तुम्ही फक्त दाबा, बाकी सगळं माझ्यावर सोडा!"

मोठ्या बाईंचं उत्तर आलं, "तुला जमेल का?" बास! डोक्यात सणक गेली.

दुकानात गेले आणि व्हिडिओ कॉलच्या ॲपचं नाव टाकलं. आधी आला बंदुकीचा खेळ. मग भिंतीवर लावायची चित्रं. मग आलं ते ॲप. आणि त्याच्याखाली पुन्हा तेच ॲप! तेच नाव, तेच चित्र. अगदी खाली बारीक अक्षरात एकीकडे एका ठिकाणचं नाव, दुसरीकडे दुसऱ्या ठिकाणचं. कुठलं घ्यायचं, का घ्यायचं, दुकानदार तोंडातून अवाक्षर काढत नाही. मी मनाशी म्हटलं, दोन्ही घ्यावीत. एक बिघडलं तर दुसरं! फुकटच तर आहे!

एक चटकन आलं. दुसरं मात्र येता येईना. बघते तर हे प्रचंड! एका ॲपसाठी एवढं? खालच्या अभिप्रायात कोणीतरी लिहिलं होतं, की ते आपलं सगळं सामान बरोबर घेऊन येतं. म्हणजे मुक्कामाला येणारा पाहुणा गादी, उशी, तांब्या आणि आपली खिडकीसुद्धा बरोबर घेऊन यावा, तसं! पट्टी सरकत सरकत आली आणि शेवटाला येऊन रुसून बसली. दुकान सगळंच गोठलं. मी बंद केलं, उघडलं, तर म्हणे ॲप कधीचंच बसलंय. आधी सांगायला काय झालं होतं?

रविवार उजाडला. केस धुतले. ठेवणीतला निळा स्वेटर घातला. पुढच्या खोलीत टेबलावर लॅपटॉप मांडला. झोपायच्या खोलीत पसारा होता, तो चुकून कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून तिचं दार घट्ट लावून घेतलं. वेळ झाली तशी मी लिंक दाबली.

काही नाही. गोल फिरतंय, फिरतंय, आणि थांबलं. पुन्हा दाबली. पुन्हा गोल. हे सामानवालं ॲप असणार! सामान सोडवत बसलंय! मी मिनिटभर वाट पाहिली असेल नसेल, म्हटलं, मोठ्या बाई तिकडे घड्याळ बघत असतील. आपल्याकडे दुसरं आहे ना! मेन्यूतून दुसरं उघडलं, ते टुणकन आलं, सगळा पडदा व्यापून बसलं. त्यात 'नवी बैठक' असं बटण होतं, ते दाबलं. मध्ये एक काळा चौकोन आला आणि त्यावर लिहिलेलं, 'कॅमेरा दुसरं कोणीतरी वापरत आहे.'

दुसरं कोणीतरी? घरात मी एकटी! दुसरं कोण वापरणार?

खाली आणखी एक ओळ, 'इतरांची वाट पाहत आहोत.'

म्हटलं, बरं. कॅमेऱ्याचं नंतर बघू. त्या तर येऊ देत. मी वाट पाहू लागले. काळ्या चौकोनात माझं तोंड आरशासारखं दिसत होतं, म्हणून जवळ जाऊन दात बघितले. वरचे बघितले, खालचे बघितले, बोटाने ओठ ओढून दाढासुद्धा बघितल्या. केस सारखे केले. हनुवटीवर एक केस उगवलाय, तो उपटायचा प्रयत्न केला. मग म्हटलं, पहिलं वाक्य तरी तयार करून ठेवावं.

"अय्या, मोठ्या बाई! किती बारीक झालात हो तुम्ही!" खोटं वाटलं. पुन्हा केलं. "मोठ्या बाई, तुम्ही तर अगदी तशाच आहात!" हे तर त्याहून खोटं. "मोठ्या बाई, तुमची आठवण येते." हे म्हणून बघितलं आणि मला हसूच आलं. "काय आठवण येते! लघवीला जाऊ द्यायच्या नाहीत बया!"

तेवढ्यात कुठूनतरी बायकांचे आवाज येऊ लागले. दबलेले, पण तावातावाने चाललेले. शेजारच्या घड्याळवाल्या भाऊजींचा टीव्ही! ते घड्याळं दुरुस्त करायचे, आता नुसत्या मालिका बघतात. आम्हा दोघांच्या झोपायच्या खोल्यांमध्ये एकच भिंत आहे, ती पण पुठ्ठ्याची असावी. मी बाल्कनीत जाऊन ओरडले, "भाऊजी, टीव्ही बारीक करा! माझी मीटिंग आहे!"

आतून उत्तर आलं, "वहिनी, तुम्ही बारीक करा! माझी झोप चाललीये!"

बघा! चोर तो चोर... असो. मी परत येऊन बसले. काळा चौकोन तसाच. वाट पाहत आहोत. चहा निवला. आता माझा धीर सुटायला लागला. एकटं राहणाऱ्या माणसाला एक खोड लागते, तुम्हाला माहीत असेल किंवा कळेल कधीतरी. मोठ्याने बोलायची. मी भांड्यांशी बोलते, जिन्याशी बोलते, तशी त्या काळ्या चौकोनाशी बोलायला लागले.

"नाही आल्या ना? मला माहीतच होतं! मोठ्या बाई म्हणजे काय, हुकूम देताना पुढे. ट्रंककॉलला बोलायला माणूस लागत नाही, तिला भिंत पुरते. आणि डावी? डावीला आता नातवंडं आहेत. तिला कशाला उजवी लागतेय!"

शेजारचा टीव्ही एकदम गप्प झाला. बरं झालं, म्हटलं.

"फुलं पाठवते," मी चौकोनाला सांगितलं. "रोज एक फूल. मी काय फुलं मागितली होती? दर रविवारी मी फोन हातात घेऊन बसते. नंबर पाठ आहे. लावत नाही. लावून काय सांगू? काल कॉम्प्युटरने मला बुद्धिबळात हरवलं, हे सांगू? घरात काही घडतच नाही, तर बोलायचं काय! सगळ्या शहराला बोलायला जोडून दिलं मी, आणि आता दिवसभरात माझ्याशी कोण बोलतं, तर घड्याळवाले भाऊजी! जिन्यात म्हणतात, 'काय वहिनी!' मी म्हणते, 'काही नाही.' झालं बोलणं!"

आणि मग, सांगायला लाज वाटते, मी रडले. स्वेटरच्या बाहीला नाक पुसलं. चांगलं मोठ्याने पुसलं.

तेवढ्यात दारावर धडाधड थापा! उघडलं, तर घड्याळवाले भाऊजी. हातात छत्री, चष्मा कपाळावर, चेहरा पांढराफटक.

"वहिनी, तुमच्या झोपायच्या खोलीत कोण आहे?"

"कोण असणार? कोणी नाही!"

"माझा टीव्ही बंद आहे. मघापासून तुमच्याकडे बायका भांडतायत. मी भिंतीला कान लावला. आधी म्हणाल्या, दात काय दाखवतेस! मग सगळ्या गप्प. आणि आता एक बाई रडतीये!"

आम्ही दोघं बंद दाराकडे बघत उभे राहिलो. आणि आतून, अगदी स्पष्ट, एक घोगरा आवाज आला.

"उजवी!"

या नावाने मला हाक मारणारं या शहरात कोणीही नाही. म्हटलं, झालं! एकटेपणाने डोकं फिरतं म्हणतात, ते हेच. बाई, तुझी वेळ आली.

"भाऊजी, तुम्हालाही ऐकू आलं?"

"आलं ना! तुम्ही मागे व्हा!" असं म्हणून भाऊजी स्वतःच माझ्या मागे झाले आणि छत्री माझ्या खांद्यावरून पुढे धरून म्हणाले, "उघडा."

मी दार ढकललं. आत कोणी नाही. पसरलेलं अंथरूण, वाळत टाकलेले कपडे, आणि उशाशी निळा दिवा लागलेला माझा स्पीकर. भाऊजींनी घाबरत घाबरत त्याचं एक बटण दाबलं, तो आवाज वाढवायचं निघालं, आणि ट्रंककॉल सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशी गरजली,

"अगं, आम्ही इथेच आहोत! समोरची खिडकी बंद कर! मागे बघ, मागे!"

भाऊजींच्या हातून छत्री पडली, ती उघडली, आणि ते अंथरुणावर बसले.

मी टेबलाकडे धावले. काळ्या चौकोनाची खिडकी बंद केली. तिच्यामागे पहिलं ॲप! सामान सोडवून झालेलं, कॅमेरा चालू, माईक चालू, आणि माझ्या मैत्रिणींचे तीन चौकोन. कॅमेरा वापरणारं दुसरं कोणीतरी हेच होतं! सकाळच्या रेडिओसाठी जोडलेल्या स्पीकरमधून त्यांचा आवाज बंद खोलीत जात होता, आणि इकडे मी त्यांच्यासमोर...

"कधीपासून आहात तुम्ही?" मी विचारलं.

"दातांपासून," ट्रंककॉल म्हणाली.

मोठ्या बाईंनी घसा खाकरला. "लघवीला मी जाऊ द्यायची. शिस्तीत जाऊ द्यायची, एवढंच."

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं! कॅमेरा बंद करायचं बटण शोधू लागले तर हाताला भलतंच लागलं आणि पडद्यावरच्या माझ्या डोक्यावर मांजराचे कान उगवले. तशीच, कान लावून, मी तिघींकडे बघत राहिले. म्हणजे दोघींकडे. डावीच्या चौकोनात नुसती रिकामी खुर्ची होती.

"डावी कुठे गेली?"

"मघाशीच उठून गेली," मोठ्या बाई हळूच म्हणाल्या. "तू फुलांचं बोललीस, तेव्हा गेली."

त्या खुर्चीकडे बघत बसायचं म्हणजे काय, हे मी कसं सांगू? बोर्डावर एखादा दिवा लागून राहतो, तुम्ही वायर लावता, 'हॅलो, हॅलो' म्हणता, आणि पलीकडे कोणी नसतं, तसं. भाऊजी दारात येऊन उभे राहिले. जावं की थांबावं, त्यांना कळेना.

मग डावी परत आली. नाक लाल, हातात रुमाल. बसली. माझ्या कानांकडे बघितलं, म्हणजे मांजराच्या.

"नातवंडं आहेत मला," ती म्हणाली. "खरंय तुझं. दोन आहेत. एक कानात काहीतरी घालून बसतो, दुसरी खोलीचं दार लावून बसते. मुलगी कामावर. दर रविवारी मीही फोन घेऊन बसते, उजवी. मला वाटतं, तुला काय सांगायचं? नातू जेवला, हे सांगू? मग फूल पाठवते. फुलाला निदान विषय लागत नाही."

मी बाहीने डोळे पुसले. ट्रंककॉलनेसुद्धा! मग मोठ्या बाईंनी ऑफिसातल्या आवाजात विचारलं, "दारात ते गृहस्थ कोण उभे आहेत?"

"घड्याळवाले," भाऊजी लाजत म्हणाले. "शेजारचे."

"मग बसा की. उभे काय!"

ते बसले. चहा पुन्हा केला. चौघी आणि एक घड्याळवाले अशी ती भेट दिवे लागेपर्यंत चालली. मेलेल्या ऑपरेटरांच्या नकला झाल्या, जिवंत असलेल्यांच्या जास्त झाल्या. भाऊजींनी एवढी बडबड केली, की त्यांचा आवाज असा आहे हे मला पहिल्यांदाच कळलं. शेवटी एकेक चौकोन मिटत गेला. भाऊजी छत्री घेऊन गेले. घर पुन्हा होतं तसं झालं. पडद्यावर दुकानाची चिठ्ठी आली, 'नवीन अपडेट्स उपलब्ध आहेत. पुन्हा चालू करायचं का?' मी म्हटलं, आज नको बाई.

मुलाचा फोन आला तेव्हा मी त्याला सगळं नाही सांगितलं. एवढंच विचारलं, की एकाच नावाची दोन ॲप्स का ठेवतात रे? त्याने समजावायला सुरुवात केली, तेवढ्यात सिग्नल सुटला.

मी एक ॲप काढून टाकलं. सामानवालं ठेवलं. उशिरा का होईना, ते सगळ्यांना घेऊन आलं होतं. दुकानात त्याला पाच तारे द्यायला गेले, तर म्हणे आधी खातं उघडा. राहिलं.

पुढच्या रविवारी मात्र मी ठरवलंच. विषय असो नसो, डावीला फोन लावायचा! जेवून उठले आणि लावला. एंगेज. थोडं थांबून पुन्हा लावला. एंगेज! ती रेकॉर्ड केलेली बाई सांगते, 'आपण संपर्क साधत असलेली व्यक्ती दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे.' आम्ही हे किती प्रेमाने सांगायचो! तिसऱ्यांदाही एंगेज. माझं मन खट्टू झालं. लागलं असेल कोणीतरी बोलायला तिच्याशी. नातेवाईक काय कमी आहेत तिला! मी फोन ठेवला आणि खिडकीशी जाऊन बसले. तो वाजला नाही. बराच वेळ वाजला नाही. शेवटी राहवेना, म्हणून निर्लज्जासारखा आणखी एकदा लावला. पहिल्याच घंटीला उचलला.

"काय गं हे!" डावी कडाडली. "मी मघापासून तुला लावतेय, नुसती एंगेज! मग म्हटलं, जाऊ दे, बसली असेल बोलत कोणाशी. एवढं कोणाशी चाललं होतं?"

म्हणजे ती मला लावत होती आणि मी तिला! आणि मग दोघी फोन खाली ठेवून वाट बघत बसलो होतो! जन्मभर लोकांचे फोन जोडून देणाऱ्या दोन बायका!

पण हे तिला कसं सांगणार? माणसाला काही इज्जत असते की नाही?

"अगं, हल्ली मला सारखे फोन येतात," मी म्हटलं. "जरा म्हणून उसंत मिळत नाही!"

"मलाही गं," डावी म्हणाली. "वैताग येतो नुसता!"